आमची वाटचाल : ७७७ ला नाही म्हणताना

२००९ मध्ये वरुडच्या बाजार समितीजवळ एका गाळ्यात आम्ही होस्टिंगचं, म्हणजे लोकांच्या वेबसाइट सर्व्हरवर ठेवून चालवायचं, दुकान मांडलं. एक इन्व्हर्टर, बीएसएनएलचं ब्रॉडबँड, दूरच्या सर्व्हरला हुकूम देणारी पुट्टीची काळी खिडकी आणि मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये भाड्याने घेतलेला सर्व्हर, म्हणजे कायम इंटरनेटला जोडलेला संगणक. गिऱ्हाईक म्हणजे संत्र्याचे व्यापारी, कॉलेजं, पतसंस्था. इकडे लाइट गेली तरी साइट बंद पडत नाही, हे समजावण्यातच पहिलं वर्ष गेलं.

नोव्हेंबर २०११ मात्र मी विसरू शकत नाही. आंबिया बहाराची संत्री निघत होती. त्याच ऑगस्टमध्ये टिमथंब या फोटो लहान-मोठे करणाऱ्या स्क्रिप्टमधलं भोक जगजाहीर झालं होतं. बाहेरून फोटो आणताना ती फक्त एवढंच पाहायची, की डोमेनच्या नावात कुठेतरी 'ब्लॉगर डॉट कॉम' आहे का. त्यामागे चोराने आपलं डोमेन जोडलं की फोटोऐवजी त्याची पीएचपी फाइल, म्हणजे सर्व्हरवर चालणारा प्रोग्राम, कॅशच्या (तात्पुरत्या साठ्याच्या) फोल्डरात. आमच्याकडच्या एका मंगल कार्यालयाच्या साइटच्या थीममध्ये (तयार साच्यात) नेमकी तीच स्क्रिप्ट होती. तेव्हा आमच्या अपाचेवर, म्हणजे साइट्स दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, सगळ्यांचं पीएचपी एकाच 'नोबडी' युजरखाली चालायचं, म्हणून एक साइट फुटली की बाकीच्यांच्या फाइलीही वाचता यायच्या. चोराने सिमलिंक (दुसऱ्या फाइलीकडे नेणारी आडवाट) टाकून शेजारच्या साइट्सच्या कॉन्फिग फाइली वाचल्या, डेटाबेसचे पासवर्ड उचलले आणि रात्रभर स्पॅम पाठवला. सकाळी एक्झिमची, म्हणजे मेल पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरची, रांग पाहिली तेव्हा हातपाय गार पडले. सर्व्हरचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) स्पॅम पाठवणाऱ्यांच्या ब्लॅकलिस्टमध्ये गेला होता.

आमच्या एका संत्रा व्यापाऱ्याचे मालाचे दर कळवणारे मेल दिल्ली-कोलकात्याला पोचेनात. ते दुकानात आले, म्हणाले, "भाऊ, गाड्या भरून उभ्या हायेत. सांग, किती वेळ लागते?" मी म्हटलं, काका, दोन दिवस. ओरडले नाहीत. दोन दिवस त्यांनी एसटीडी बूथवरून भाव कळवले आणि तिसऱ्या दिवशी पुढच्या वर्षाचे पैसे आगाऊ पाकिटात घालून दिले. आजही त्यांची साइट आमच्याकडेच आहे.

त्यानंतर आम्ही सुपीएचपी बसवलं. प्रत्येक खातं आपापल्या युजरखाली, फाइल ६४४, फोल्डर ७५५ (म्हणजे लिहायचा हक्क फक्त मालकाला), आणि पीएचपीतून सर्व्हरला थेट हुकूम देणारी एक्झेक, शेल एक्झेक, पासथ्रू बंद. फोल्डरला ७७७ (म्हणजे कोणीही वाचा, कोणीही लिहा) दिलेलं असेल तर सुपीएचपी सरळ ५०० चा एरर फेकतं, साइट उघडतच नाही. आणि डेव्हलपर पोट्ट्यांनी तर जिथे तिथे ७७७ मारून ठेवलेलं! फोन थांबेनात. साइट थोडी हळूही झाली, ते खोटं नाही. पण एकाच्या सोयीसाठी सगळ्यांची दारं उघडी ठेवायची का?

याच काळात अमरावतीच्या एका होस्टिंगवाल्याने आमची गिऱ्हाइकं गाठली. "कोणतंही बंधन नाही, मागाल ते चालू" असं पत्रकच छापलं. एका कॉलेजचं प्रवेशाचं सॉफ्टवेअर रजिस्टर ग्लोबल्सवर, म्हणजे बाहेरून आलेली माहिती थेट प्रोग्रामात शिरू देणाऱ्या पीएचपीच्या जुन्या, धोक्याच्या सोयीवर, बांधलेलं होतं. मार्च २०१२ च्या पीएचपी ५.४ मधून ती सोयच काढून टाकली, म्हणून मी प्राचार्यांना तीनदा भेटून सॉफ्टवेअर दुरुस्त करायला सांगितलं, अर्धा खर्च उचलायची तयारीही दाखवली. ते त्या अमरावतीवाल्याकडे गेले. वार्षिक अंकात त्याचा फोटो छापला, 'संगणक तज्ज्ञ' म्हणून. ज्याने त्यांना जुनाट पीएचपीवर उघडं ठेवलं, त्याचा सत्कार, आणि आम्ही 'अडवणूक करणारे'. हे मला अजून खुपतं.

मधली वर्षं बरी गेली. क्लाउडलिनक्स ही होस्टिंगवाल्यांसाठीची सर्व्हरची प्रणाली घेतली, तिच्यातल्या केजएफएसमुळे प्रत्येक खात्याला आपला वेगळा पिंजरा मिळाला. २०१६ पासून लेट्स एन्क्रिप्ट या सेवेमुळे फुकट एसएसएल (साइटच्या पत्त्याजवळचं कुलूप) देता आलं. एक सांगून ठेवतो : बॅकअप त्याच सर्व्हरवर ठेवू नका, आणि सीपॅनेलचा (साइट सांभाळायच्या पॅनेलचा) पासवर्ड व्हॉट्सअ‍ॅपवर डेव्हलपरला पाठवू नका. काम संपलं की बदला.

३१ डिसेंबर २०१८ ला पीएचपी ५.६ चा आधार संपला, म्हणजे तिच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या येणं बंद झालं. नंतरच्याच महिन्यात त्या कॉलेजच्या बाबूंचा फोन आला, "सर, आमचं जुनं सॉफ्टवेअर कुठेच चालून नाही रायलं." पूर्वी मी नाहीच म्हटलं असतं. आता क्लाउडलिनक्सकडे जुन्या पीएचपीची दुरुस्ती केलेली आवृत्ती मिळते. मी म्हटलं, देतो, पण पिंजऱ्यात, एक्झेक बंद, आणि आधी फोल्डरांचं ७७७ काढा.

बाबू म्हणाले, "ते कसं काढायचं?" मी गाडी काढली आणि कॉलेजात गेलो.