तुम्ही विचारलंत म्हणून : स्वार्थ असलेल्यांची मोजणी

मालवणच्या किनाऱ्याविषयी मी कुठेही बोललो की शेवटी एक प्रश्न हमखास येतो, आणि तो विचारणारी माणसे बहुधा शिकलेली, चौकस आणि मनाने चांगली असतात. ज्या गावकऱ्यांचे पोट समुद्रावर आहे त्यांनीच त्या समुद्राची पाहणी केली, तर त्याला संशोधन कसे म्हणायचे? ज्याचा स्वार्थ गुंतला आहे त्याने मोजलेला आकडा खरा कसा धरायचा? आजवर मी या प्रश्नाला उभ्याउभ्या, दोन वाक्यांत उत्तर देत आलो. पण तुम्ही विचारलंत, आणि पुन्हा पुन्हा विचारता, म्हणून या वेळी सविस्तर लिहितो.

उत्तर देताना मला दरवेळी स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या ॲरन नावाच्या बेटाकडे वळावे लागते. शिक्षणासाठी मी ग्लासगोत होतो. तिथून आगगाडीने आर्ड्रोसनला जायचे आणि पुढे तासाभराच्या बोटीने ब्रॉडिकला उतरायचे. बेटाची वस्ती साडेचार हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावाइतकी. ब्रॉडिकच्या दक्षिणेला लॅमलॅश नावाचे गाव आहे. गावासमोर उपसागर आहे आणि उपसागराच्या तोंडाशी होली आयल हे छोटे बेट आडवे पडलेले आहे. पहिल्यांदा तिथल्या धक्क्यावर उभा राहिलो तेव्हा मला समोर मालवणचा सिंधुदुर्ग किल्ला दिसल्यासारखे वाटले होते, आणि बहुधा त्यामुळेच ते गाव माझ्या मनातून कधी गेले नाही.

ॲरन ज्या क्लाइडच्या खाडीत आहे, तिथे तळावरून जाळे ओढण्यावर 1889 पासून कायद्याने बंधने होती. किनाऱ्यापासून तीन मैलांच्या आतली ती बंदी 1984 साली उठवण्यात आली. ट्रॉलर अगदी काठापर्यंत येऊ लागले, आणि त्यांच्याबरोबर स्कॅलप काढणारे ड्रेजही आले. स्कॅलप हा आपल्याकडच्या ‘तिसऱ्या’ नावाच्या छोट्या शिंपल्यांच्या नात्यातला, पण तळहाताएवढा मोठा शिंपला, आणि त्याला युरोपात चांगला भाव मिळतो. ड्रेज म्हणजे लोखंडी दातांची जड चौकट. मागे कड्यांची पिशवी लावलेली ही चौकट तळावरून ओढत नेतात, आणि शेतात कुळव फिरावा तशी ती तळ खरवडत जाते. फरक एवढाच की कुळवानंतर पेरणी होते. कॉड आणि हॅडॉक हे मासे दिसेनासे झाले. लॅमलॅशला गळाने मासे धरण्याचा एक उत्सव दरवर्षी भरत असे. त्यासाठी दुरून लोक येत आणि तराजूवर मासळीच्या राशी लागत. 1990 च्या दशकात तो बंद पडला, कारण वजन करण्याइतके मासेच उरले नव्हते.

हे सगळे डोळ्यांदेखत घडताना पाहणारे दोन मित्र बेटावर होते : हॉवर्ड वुड आणि डॉन मॅकनीश. दोघेही हौशी पाणबुडे. त्यांच्यापाशी सागरी जीवशास्त्राची पदवी नव्हती. वर्षानुवर्षे एकाच तळावर उतरत राहिल्याने तो तळ मात्र त्यांना पाठ झाला होता. मॅकनीश 1989 साली न्यूझीलंडला गेले आणि तिथल्या ली या गावाजवळचे राखीव समुद्रक्षेत्र त्यांनी पाहिले. तिथे 1970 च्या दशकापासून मासेमारी पूर्ण बंद होती आणि मासे माणसाला बिचकत नव्हते. हे लॅमलॅशला का होऊ नये, हा प्रश्न घेऊन ते परतले आणि 1995 साली दोघांनी बेटावरच्या लोकांची संस्था उभी केली : कम्युनिटी ऑफ ॲरन सीबेड ट्रस्ट, थोडक्यात कोस्ट.

या लोकांनी मागणीच्या आधी नकाशा केला, हे मला फार मोलाचे वाटते. सुट्टीच्या दिवशी पाण्यात उतरायचे, तळावर दोरी टाकायची, दोरीच्या दोन्ही अंगांना काय आहे ते पाण्याखालच्या पाटीवर पेन्सिलीने टिपायचे, असा त्यांचा क्रम होता. त्यातून उपसागरातले मेर्लचे पट्टे नोंदले गेले. मेर्ल हे गुलाबी, चुनखडीचे, फांद्याफांद्यांचे समुद्रशैवाल आहे. ते मुळे धरत नाही, तळावर सुटे पडून वाढते, आणि वाढते ते वर्षाला जेमतेम एखादा मिलिमीटर. त्याच्या फटींत स्कॅलपची पिल्ले आणि माशांची पोरे आसरा घेतात. धक्क्यावर कोणीतरी त्याचा वाळलेला तुकडा माझ्या हातावर ठेवला होता. आल्याच्या छोट्या कुडीसारखा दिसणारा, बोटाच्या दोन पेरांएवढा. तो बहुधा माझ्या वयाहून जुना असेल, हे कळल्यावर मी तो नकळत दोन्ही हातांत धरला.

या नोंदी घेऊन कोस्टचे लोक सरकारी खात्यांकडे गेले, स्थानिक मच्छीमारांशी बसले, स्कॉटिश संसदेकडे त्यांनी अर्ज केला. नकार आले, दिरंगाई झाली. 1995 ला सुरू झालेले काम 2008 च्या सप्टेंबरात फळाला आले. लॅमलॅश उपसागराच्या 2.67 चौरस किलोमीटर भागात, म्हणजे सुमारे 660 एकरांत, मासेमारी पूर्ण बंद झाली. स्कॉटलंडमधले असे हे पहिलेच क्षेत्र. तेरा वर्षांत 660 एकर हा हिशेब ऐकून काही जण हसतात. मला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही.

आता तुमचा प्रश्न. क्षेत्र राखीव झाल्यावर त्याचा उपयोग झाला की नाही, हे ज्यांनी ते मागितले त्यांनीच ठरवावे का? ॲरनच्या लोकांनाही हा प्रश्न पडला होता, तुमच्याआधी. म्हणून त्यांनी विद्यापीठाला हाक मारली. यॉर्क विद्यापीठाचे संशोधक आले आणि कोस्टच्या पाणबुड्यांबरोबर वर्षानुवर्षे काम करत राहिले. बंद क्षेत्राच्या आत दोरीच्या जितक्या रांगा मोजायच्या, तितक्याच बाहेरही मोजायच्या, अशी पद्धत ठरली. स्कॅलपच्या कवचावर झाडाच्या खोडासारखी वाढीची वलये असतात. ती मोजून वय काढायचे. शेवंड, म्हणजे लॉब्स्टर, पिंजऱ्यात आली की डोळ्याच्या खोबणीपासून पाठीच्या कवचाच्या मागच्या कडेपर्यंत मापायची, अंडी आहेत का ते पाहायचे आणि पाण्यात सोडून द्यायची. या मोजणीतून दिसले की आतले स्कॅलप वयाने आणि आकाराने मोठे होते, जिथे मेर्ल आणि समुद्रशैवाल दाट होते तिथे त्यांची पिल्ले जास्त होती, आणि आतल्या शेवंडीही मोठ्या होत्या. मोठ्या मादीला अंडी कितीतरी जास्त असतात, हे शेवंडीचा धंदा करणाऱ्याला सांगावे लागत नाही.

मी तिथे गेलो तेव्हा एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी उतरलो होतो. त्या स्वतः मोजणीसाठी पाण्यात बुडी मारत. दुपारी पाण्यातून परतल्यावर त्यांनी ओल्या पाट्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर पुसून मांडल्या आणि एकेक नोंद तक्त्यावर उतरवू लागल्या. त्यांच्याबरोबर उतरलेल्या जोडीदाराची पाटी शेजारी होती. एका रांगेत त्यांच्या पाटीवर सहा स्कॅलप होते आणि जोडीदाराच्या पाटीवर पाच. त्यांनी फोन लावला, दोघे बराच वेळ बोलले, आणि शेवटी तक्त्यावर पाच लिहिले गेले, कारण सहावा शिंपला जिवंत होता की नुसते कवच, हे त्यांना ठामपणे सांगता येत नव्हते. पुढची रांग राखीव क्षेत्रातलीच होती. तिच्यात काहीच सापडले नव्हते. त्यांनी तो चौकोन रिकामा सोडला नाही. त्यात शून्य लिहिले आणि ते नीट वाचता यावे म्हणून पुन्हा गिरवले. तो शून्य त्यांना नको होता, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते.

स्वार्थ असतोच. तो शिक्षिकेला होता, तसा विद्यापीठातल्या संशोधकालाही निबंध छापून येण्याचा असतो, खात्याला अहवाल पुरा करण्याचा असतो. फरक मला असा दिसला की बाहेरचा माणूस चुकीचा आकडा लिहून निघून जाऊ शकतो, आणि बेटावरचा माणूस त्या आकड्याच्या शेजारी राहतो. खोटे फुगवून सांगितले, तर पाच वर्षांनी त्याच धक्क्यावर शेजारचा पिंजरेवाला त्याला विचारणार आहे. म्हणून पद्धत कडक हवी, दोघांनी मोजलेले हवे, बाहेरच्या नजरेने तपासलेले हवे, आणि या सगळ्याची मागणी आतल्या माणसांनीच करायला हवी. ॲरनला तशी झाली. तिथे काय सापडले नाही तेही त्यांनी मोकळेपणाने सांगितले : दूरवर फिरणारे कॉडसारखे मासे 660 एकरांच्या राखणीने परत येत नाहीत. या कबुलीमुळेच पुढची मागणी वजनदार झाली. 2014 साली बेटाच्या दक्षिणेकडचा मोठा समुद्र सागरी संरक्षित क्षेत्र म्हणून जाहीर झाला आणि 2016 पासून तिथे ड्रेजिंग बंद झाले. हॉवर्ड वुड यांना पर्यावरणाच्या कामासाठीचा 2015 चा गोल्डमन पुरस्कार मिळाला, पण बेटावर त्याबद्दल कोणी फारसे बोलत नव्हते.

याच स्कॉटलंडने पुढे उलटा धडाही पाहिला. तिथल्या सरकारने समुद्राचा दहा टक्के भाग कडक संरक्षणाखाली आणण्याचे ठरवले आणि 2022 च्या अखेरीस त्यावर लोकांची मते मागवली. बेटांवरून आणि किनारपट्टीवरून इतका विरोध झाला की 2023 च्या जूनमध्ये तो बेत सोडून द्यावा लागला. विरोध करणाऱ्यांना समुद्राची पर्वा नव्हती असे मला वाटत नाही. आकडा आधी ठरला होता आणि त्यांना विचारणे नंतर आले होते, हे त्यांना लागले.

आम्हा मालवणकरांना हे समजावून सांगावे लागत नाही. 1987 साली मालवण सागरी अभयारण्य जाहीर झाले, सुमारे 29 चौरस किलोमीटरचे, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र धरून. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो, पण घरात त्याविषयी ऐकतच वाढलो. आजोबा रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून ओढायच्या मोठ्या जाळ्याचे. ते एवढेच म्हणत, "आमका कोणी इचारला?" तळाशी प्रवाळ आहे हे त्यांना ठाऊक होते. तिथे जाळे अडकते म्हणून त्या जागा त्यांना खडकानिशी तोंडपाठ होत्या. ट्रॉलर आणि पर्ससीनवाल्यांनी, म्हणजे माशांच्या थव्याला मोठ्या जाळ्याने घेरणाऱ्या यांत्रिक बोटवाल्यांनी, किनाऱ्याजवळ येऊ नये, ही तर रापणकरांची स्वतःचीच जुनी मागणी. तरीही अभयारण्य हा शब्द आमच्या गावात अनेक वर्षे धमकीसारखा उच्चारला गेला, कारण त्यामागचा एकही आकडा गावाने मोजलेला नव्हता आणि एकही प्रश्न गावाने विचारलेला नव्हता. मी शास्त्रज्ञांना दोष देत नाही. त्यांचे निष्कर्ष बरोबरही असतील. पण बरोबर निष्कर्षालासुद्धा गावात कोणी वाली लागतो.

आज मालवणात आणि तारकर्लीत स्कूबा शिकलेली स्थानिक मुले आहेत. पर्यटकांना तळ दाखवण्यासाठी ती रोज पाण्यात उतरतात. ॲरनच्या त्या दोघा मित्रांपेक्षा त्यांचे पाण्यातले तास जास्त भरतील. त्यांच्या हाती पाटी आणि पेन्सिल द्यायला हवी, असे मी म्हणत असतो, पण त्याआधी त्यांना काय जाणून घ्यायचे आहे ते विचारायला हवे. मी एकदा विचारले. प्रवाळाबद्दल बोलतील अशी माझी अपेक्षा होती. एक मुलगा म्हणाला, माझ्या बापाला तारली कुठल्या महिन्यात मिळायची आणि मला कुठल्या महिन्यात मिळते, ते मला एकदा लिहून बघायचे आहे.

त्यातून एक वही सुरू झाली. एका रापण संघाने ती ठेवली आहे, संघाच्याच पेटीत. नारळी पौर्णिमेनंतर रापण सुरू झाली की तारीख, वारा, किती माणसे ओढायला होती, बांगडा किती, तारली किती, पेडवे किती, असे रकाने भरले जातात. दोघे जण सही करतात. पहिल्या महिन्यात फक्त मासळी मिळालेल्या दिवसांच्याच नोंदी होत्या, आणि मी ॲरनच्या स्वयंपाकघरातला तो गिरवलेला शून्य त्यांना सांगितला. गेल्या खेपेला वही चाळली, तेव्हा एका पानावर सलग चार दिवस एकाच अक्षरात लिहिलेले होते : "रापण ओढली. काही नाही." खाली दोन सह्या होत्या, चारही दिवशी.