एथिक्स कमिटी, पालकांची सही आणि आमचा सर्व्हे : माझा अनुभव

आधीच सांगते, हे टाईप करताना डोकं अजून थोडं तापलेलंच आहे, त्यामुळे सगळं क्रमाने येईलच असं नाही. पण दिव्यांगांच्या सुरक्षिततेवर दिव्यांगांनीच अभ्यास करायचा असं कोणाच्या मनात असेल तर एथिक्स कमिटीच्या (माणसांवरचं संशोधन तपासून मंजुरी देणारी समिती) दारात काय वाट्याला येतं ते आधी माहीत असलेलं बरं. आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

आम्ही म्हणजे पुण्यातला एक छोटा ग्रुप. मी पूर्ण अंध, कॉम्प्युटरवर एनव्हीडीए आणि फोनवर टॉकबॅक वापरते, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे स्क्रीन रीडर. एक मैत्रीण कर्णबधिर, एक मित्र व्हीलचेअरवर, एकीला सेरेब्रल पाल्सी (मेंदूमुळे हालचाली आणि बोलणं अवघड जातं), आणि एक ताई आहेत ज्या मानसिक आजाराच्या गोळ्या घेत आमच्या सगळ्यांच्या पैशांचा हिशेब ठेवतात आणि दहा रुपये सुद्धा सोडत नाहीत. विषय एवढाच की घरात, रस्त्यावर, बसमध्ये, कामाच्या जागी आपल्या लोकांना किती सुरक्षित वाटतं. कारण आकडेच नाहीत. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 29 लाख 63 हजारांच्या आसपास दिव्यांग मोजले गेले, पण त्यातल्या किती जणांना मारहाण होते, किती जणींना बसमध्ये 'मदत' करताना नको तिथे हात लावला जातो, हे कुठेच सापडत नाही. 2021 मध्ये पटन जमाल वली खटल्यात सुप्रीम कोर्टानेच म्हटलंय की एनसीआरबीने, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांचे आकडे ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, महिलांवरच्या अत्याचाराचे आकडे सुटे सुटे करून ठेवण्याचा गांभीर्याने विचार करावा आणि त्यात दिव्यांगत्व हा एक मुद्दा असावा. ती केस अंध मुलीचीच होती.

प्रश्नावली कशी बनवली, पैसे कसे जमवले ते सोडते, ते सगळं बऱ्यापैकी सरळ झालं. फक्त एक सांगायलाच पाहिजे की प्रश्न आपल्याच लोकांनी काढले की वेगळे निघतात. नेहमीच्या कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रश्नावलीत मारलं का, शिवीगाळ केली का असं असतं. आमच्या यादीत होतं, रागाच्या भरात कोणी तुमची काठी किंवा हिअरिंग एड लपवून ठेवलंय का, व्हीलचेअर हाताला लागणार नाही अशी लांब नेऊन ठेवलीय का, संजय गांधी निराधार योजनेचे पैसे जमा झाले की कोण काढतं, एटीएमचा पिन कोणाला माहीत आहे, गोळ्या मुद्दाम जास्त दिल्या किंवा बंद केल्या का, बाथरूमला आतून कडी आहे का. शेवटचा माझा. त्यावर आमची सेरेब्रल पाल्सीवाली मैत्रीण म्हणाली, कडी आहे गं, पण मला ती लावूच देत नाहीत, मग तोही प्रश्न घातला.

आता मुख्य घोळ. आमच्यासारख्या ग्रुपची स्वतःची एथिक्स कमिटी नसते, त्यामुळे कुठल्यातरी संस्थेच्या कमिटीकडून मंजुरी घ्यावी लागते. एका संस्थेतल्या प्राध्यापक मॅडम सहसंशोधक व्हायला तयार झाल्या (त्यांचे उपकारच आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही) आणि आम्ही त्या संस्थेच्या कमिटीकडे अर्ज टाकला. फॉर्म म्हणजे स्कॅन केलेली पीडीएफ, माझ्या स्क्रीन रीडरला नुसती कोरी. स्क्रीन रीडरला वाचता येईल अशी फाईल द्या म्हणून ईमेल केला तर उत्तर मॅडमना, मला नाहीच. पहिलं नाव माझं होतं तरी. पुढेही प्रत्येक शंका मॅडमकडेच जायची आणि त्या मला फॉरवर्ड करायच्या.

आणि मग आलं ते पत्र. सगळे सहभागी दिव्यांग असल्यामुळे 'व्हल्नरेबल', म्हणजे सहज इजा होऊ शकेल अशा, गटात मोडतात, सबब प्रत्येकाच्या पालकाची किंवा कायदेशीर प्रतिनिधीची, म्हणजे त्यांच्या भाषेत एलएआरची, लेखी संमती जोडावी. प्रत्येकाच्या! अठरा वर्षांवरच्या, नोकरी करणाऱ्या, स्वतःची पोरं शाळेत सोडणाऱ्या माणसांच्या!

मला तर आधी हसायलाच आलं. मग लक्षात आलं की हे लोक सिरीयस आहेत. अहो, आम्ही विचारणार काय आहोत? तुमच्या घरात तुम्हाला कोणापासून त्रास आहे का, हे. आणि ते विचारायच्या आधी सही कोणाची आणायची, तर घरातल्याच माणसाची. म्हणजे जो काठी लपवतो त्यानेच ठरवायचं की काठी लपवतो का हा प्रश्न विचारू द्यायचा की नाही. आणि सही करताना त्याला विषय कळणार, मग आम्ही निघून आल्यावर तिथे त्या रात्री काय होणार याची जबाबदारी कोणाची? चोरालाच तिजोरीचं कुलूप लावायला सांगण्यातला प्रकार.

आम्ही लेखी उत्तर दिलं. ते पोचल्याची पोच आली आणि नंतर शांतता. मीटिंग पुढे ढकलली, कोरम झाला नाही (निदान पाच सदस्य हजर लागतात), मग सुट्ट्या, मग ऑफिसमधल्या बाई म्हणायच्या, 'ताई, फाईल सरांच्या टेबलावर आहे.' त्या बाईंचा काही दोष नाही, त्याच एकट्या माझ्याशी सरळ बोलायच्या. पण मी रोज इनबॉक्स उघडायचे, एनव्हीडीए तेच जुने ईमेल वाचून दाखवायचा आणि माझी चिडचिड घरच्यांवर निघायची.

शेवटी आमच्या हिशेबवाल्या ताईंनी सुचवलं की प्रत्यक्ष मांडायची परवानगी मागू. एथिक्स कमिटीला एखाद्या विषयासाठी बाहेरचे जाणकार किंवा त्या समाजातले प्रतिनिधी बोलावता येतात, फक्त त्यांना मत देता येत नाही. हे आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे, ते आधी वाचून ठेवा, मोठं आहे पण वाचा. त्यात दिव्यांगांना व्हल्नरेबल गटात धरलंय हे खरं, कमिटी हवेत बोलत नव्हती. पण त्याचा अर्थ जास्त काळजी घ्या असा आहे. धडधाकट डोक्याच्या मोठ्या माणसाची सही बापाकडून आणा असा नाही.

मीटिंगमध्ये एक ज्येष्ठ सर मला म्हणाले, 'बाळा, हे तुमच्याच संरक्षणासाठी आहे.' मी चाळिशीला टेकलेली बाई आहे. मी म्हटलं, सर, माझं मतदान, माझं बँक खातं, माझं लग्न या कशालाही वडिलांची सही लागली नाही, मग अर्ध्या तासाच्या मुलाखतीला का? दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 चं कलम 13 वाचून दाखवलं, दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने कायदेशीर क्षमता आहे म्हणून. कलम 14 मध्ये मर्यादित पालकत्व आहे, पण ते जिल्हा कोर्ट किंवा सरकारने नेमलेला अधिकारी देतो, तेही त्या माणसाशी सल्लामसलत करून निर्णय घ्यायला. घरातला थोरला म्हणून कोणी आपोआप पालक होत नाही. नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली, म्हणजे ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी, स्थानिक समिती पालक नेमू शकते, पण तिथेही रीतसर अर्ज आणि आदेश लागतो. आमची सेरेब्रल पाल्सीवाली मैत्रीण लगेच म्हणाली, माझ्यासाठी कोणी असा अर्ज केलेला नाही आणि केला तर मीच विरोध करीन. तिचं बोलणं समजायला जरा वेळ लागतो, तर मधेच कोणीतरी माझ्याकडे वळून विचारलं, 'काय म्हणतायत त्या?' मी म्हटलं, त्यांनाच परत विचारा ना.

मग वकील सदस्यांनी दुसराच मुद्दा काढला. कलम 6 प्रमाणे दिव्यांग व्यक्तीवर संशोधन करायचं तर सरकारने नेमलेल्या समितीची आगाऊ परवानगी लागते, ज्या समितीत निम्मे तरी सदस्य स्वतः दिव्यांग किंवा त्यांच्या नोंदणीकृत संस्थांचे हवेत, ती कुठाय? खरं सांगू का, हा मुद्दा मला मनातून आवडला, कारण हेच वाक्य त्यांच्या स्वतःच्या कमिटीला लावलं असतं तर तिथे एकही दिव्यांग नव्हता. पण केंद्राच्या 2017 च्या नियमांत लगेच पुढे खुलासा आहे की शरीरावर प्रत्यक्ष परिणाम करणारं संशोधन असेल तरच व्यक्ती 'संशोधनाचा विषय' धरायची. आम्ही प्रश्न विचारणार होतो, इंजेक्शन देणार नव्हतो. आणि कलम 6 मध्येच त्या परवानगीच्या आधी काय लिहिलंय, तर त्या व्यक्तीची स्वतःची, मोकळेपणाने आणि समजून दिलेली संमती, तिला वापरता येईल अशा पद्धतीने घेतलेली. पालकाचं नावही नाही तिथे. वकील सदस्यांनी ते तिथल्या तिथे उघडून वाचलं आणि मान्य केलं, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

पण खरं काम कायद्याने केलंच नाही. काम झालं जागतिक आरोग्य संघटनेच्या 2001 च्या सूचनांनी. घरगुती हिंसाचारावर सर्व्हे करताना बाईची सुरक्षितता सगळ्यात आधी, मुलाखत एकांतात, आणि घरातल्या इतरांना खरा विषय कळता कामा नये असं त्यात आहे. मी विचारलं, धडधाकट बाईच्या मुलाखतीत तुम्ही नवऱ्याची सही मागाल का? कोणी काही बोललं नाही. नंतर त्या सरांनीच हळू विचारलं, मग ज्यांना समजायला अडचण आहे त्यांचं काय? हा प्रश्न बरोबर होता आणि त्याला आमच्याकडे उत्तर होतं. सोप्या भाषेतलं चित्रांचं संमतीपत्रक, सहभागी स्वतः निवडेल तो मदतनीस (आम्ही निवडणार नाही, घरचेही नाही), आणि 'समजलं का?' असं न विचारता 'आता तुम्ही मला सांगा आपण काय करणार आहोत' असं विचारायचं. सांगता आलं नाही तर मुलाखत घ्यायचीच नाही.

मंजुरी आली तेव्हा मी अक्षरशः ऑफिसमध्ये उभी राहून ओरडले. मंजुरीचं पत्रही स्कॅनच होतं, ते मैत्रिणीने वाचून दाखवलं.

आता आठवेल तसं सांगते. सर्व्हेचं बाहेर सांगायचं नाव साधं ठेवा, आम्ही 'प्रवास आणि सोयी' ठेवलं, व्हॉट्सअपवर 'अत्याचार सर्व्हे' असा मेसेज कधीच पाठवायचा नाही, फोन घरातले सगळे बघतात, आणि माझ्यासारखीचा टॉकबॅक तर मोठ्याने वाचतो! यूडीआयडी कार्डाची (सरकारी दिव्यांग ओळखपत्र) अट घालू नका, बऱ्याच जणांकडे नसतं, कोण दिव्यांग हे ठरवायला वॉशिंग्टन ग्रुप या आंतरराष्ट्रीय गटाचे सहा प्रश्न (दिसणं, ऐकणं, चालणं, आठवणं, स्वतःची कामं, बोलून समजावणं) पुरतात. अठराच्या आतले घेतले नाहीत कारण मूल काही बोललं तर पॉक्सोप्रमाणे (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि मोठ्या माणसाने बोलताना एखाद्या लहान मुलावरच्या अत्याचाराचं सांगितलं तरी ते लागू होतं, म्हणून ते वाक्य संमतीपत्रकात आधीच घाला. मुलाखतीनंतर कोणी कोसळलं तर काय, हे कमिटी विचारतेच. 181 (महिला हेल्पलाईन), 112 (पोलीस, तातडीची मदत) आणि टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा 14416 हे नंबर तर द्याच, पण दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 7 खाली एक्झिक्युटिव्ह मॅजिस्ट्रेटकडे अत्याचाराची माहिती देता येते हेही लिहा, ते बऱ्याच पोलिसांनाही ठाऊक नसतं. आणि आधी स्वतः हे नंबर लावून बघा, कर्णबधिर माणसाने त्यावर बोलायचं कसं हा प्रश्न आमच्या मैत्रिणीने टाकल्यावर आम्हाला मेसेजवाला वेगळा रस्ता शोधायला लागला.

प्रवासखर्च दिला तर ते 'आमिष' होतं असंही कमिटीने म्हटलं होतं. व्हीलचेअरवाल्याला रिक्षाशिवाय पर्याय नसतो, बिलं लावून परतफेड म्हणून दाखवा, सुटतं.

बजेटमध्ये सगळ्यात आधी साईन लँग्वेज इंटरप्रिटर लिहा, तेही दोन, तासाभराच्या वर एकट्याला झेपत नाही. बहीण करेल की इंटरप्रिट, असं कोणी सुचवलं तर साफ नाही म्हणा, सहीचा घोळ मागच्या दाराने परत येतो. आमच्या मैत्रिणीने इंटरप्रिटर निवडताना एक अट घातली होती की तो सहभागीच्या गावचा नको, कारण कर्णबधिरांच्या जगात सगळे सगळ्यांना ओळखतात. त्यामुळे एसटीचं भाडं आणि राहायचा खर्च वाढला, तो लेखी कारण देऊन मागितला आणि मिळाला.