पाव तासाची आंधी आणि दीड महिन्याचा क्लेम

त्या दिवशी सकाळपासून लू, म्हणजे उन्हाळ्यातला भाजून काढणारा वारा, वाहत होती. साडेपाचच्या सुमारास वारा एकाएकी पडला. ग्वाल्हेरात मे महिन्यात असा वारा पडला की आमची आई हातातलं काम टाकून गच्चीवरच्या कुरडया उचलायला धावते. पश्चिमेला ढग दिसला आणि त्याच्या पायाशी पिवळट-तपकिरी भिंत. घरात दिवे लावावे लागले. पाव तासाने चार मळके थेंब पडले, हवा गार झाली. खाली येऊन पाहतो तर कडुनिंबाची जाडजूड फांदी माझ्या गाडीवर.

आमच्याकडे, ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, अशा धुळीच्या वादळाला आंधीच म्हणतात. पुण्याचा आतेभाऊ फोनवर म्हणाला, "वावटळ लिही विम्याच्या फॉर्ममध्ये." अरे, वावटळ म्हणजे निरभ्र दुपारी तापलेल्या जमिनीवरून उठणारा भोवरा, कागद-पाचोळा फिरवून विरतो. आंधी ढगातून येते. ढगातला पाऊस खालच्या कोरड्या, तापलेल्या हवेत वाटेतच सुकतो, त्याने हवा गार आणि जड होते, धाडकन खाली येते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. तीच धूळ उचलते. म्हणून थेंब चार आणि धूळ पोतंभर. तिची ताकद कमी समजू नये: 2018 च्या 2 मे रोजी राजस्थान आणि उत्तर प्रदेशात अशाच वादळांनी शंभरावर माणसं गेली, आणि आग्रा इथून सव्वाशे किलोमीटरही नाही.

फॉर्ममध्ये मी 'आंधी-तूफान' लिहिलं. स्वतःच्या गाडीचं नुकसान भरून देणाऱ्या पॉलिसीत वादळ धरलेलं असतं. नुसती थर्ड पार्टी, म्हणजे फक्त दुसऱ्याचं नुकसान भरून देणारी, असती तर छदाम मिळाला नसता.

घोळ घरच्यांच्या मायेने झाला. गल्ली मोकळी व्हावी म्हणून शेजारच्या काकांनी रात्रीच फांदी करवतीने कापून टाकली, आणि सकाळी मी उठायच्या आत आईने गाडी धुतली. माझ्या फोनमध्ये फोटो एकच, तोही धुळीने अंधारलेला. विमा कंपनीने नुकसान बघायला पाठवलेला सर्व्हेअर बोनेटवरचा खड्डा बघत म्हणाला, "पेड़ कहाँ है?" शेवटी समोरच्या किराणा दुकानाच्या कॅमेऱ्यातलं चित्रण मिळालं, त्यात फांदी पडताना दिसत होती. वर्तमानपत्राचं कात्रणही जोडलं. मग फाइल हलली.

हिशेब असा लागला: काचेचे पैसे पूर्ण, बंपर प्लॅस्टिकचा म्हणून निम्मेच, त्यातून क्लेममागे आपणच सोसायचे सक्तीचे 1000 रुपये वजा, आणि क्लेम न केल्याबद्दल पुढच्या हप्त्यावर मिळणारी नो क्लेम बोनसची सूट गेली. 'झिरो डेप', म्हणजे सुट्या भागांच्या पैशांत अशी घसाऱ्याची कपात न करणारा विमा, घे म्हणून बाबा तीन वर्षं सांगत होते. तेव्हा ऐकलं नाही, आता तेच रोज ऐकतोय.

गाडी दीड महिन्याने आली. आज सकाळी पुन्हा त्याच कडुनिंबाखाली लावली. 45 अंशांत आमच्या गल्लीत दुसरी सावली कुठे आहे?