डाव्या डोळ्यातलं फूल

काठेवाडी घोड्याची ओळख कानांत असते. दोन्ही कान आत वळलेले, टवकारले की टोकाला टोक भिडतं. बडोद्यातल्या एका काकांना त्यांच्या म्हाताऱ्या कुमेत, म्हणजे तांबूस तपकिरी, घोडीचं छायाचित्र हवं होतं. पार्श्वभूमी काळी, कानांची टोकं जुळलेली, प्रिंट ३० बाय ४० इंची.

काळ्या पार्श्वभूमीला पडदा लागत नाही. संगणकावर मागून काळं फासतात ते आयाळीच्या कडेला लगेच उघडं पडतं, आणि त्याचेही लोक पैसे घेतात याचा मला राग येतो. उत्तरेला तोंड असलेलं तबेल्याचं दार पुरतं. घोडी उंबरठ्याच्या आत पाऊलभर उभी करायची. समोरचं मोकळं आभाळ तिच्या तोंडावर सारखा उजेड टाकतं आणि मागचा वीसेक फूट खोल अंधार काळाभोर येतो. इथं मात्र मागच्या भिंतीत दोन झरोके आणि भिंतीला ताजा चुना. झरोक्यांवर गोणपाटं टांगली, घोडी अर्धं पाऊल पुढे घेतली, तेव्हा काळं काळं झालं.

२०० मिमी लेन्स, अंतर सहा मीटर, कॅमेरा तिच्या डोळ्याच्या उंचीला. जवळून रुंद लेन्स लावली तर नाक मडक्याएवढं दिसतं. लेन्स जास्त उघडली, एफ/२.८ ला, तर डोळा धारदार येतो पण नाकपुडी विरघळते, म्हणून एफ/८, १/५०० सेकंद, आयएसओ १६००. सगळं मॅन्युअलवर, नाहीतर एवढा अंधार पाहून कॅमेरा उजेड वाढवतो आणि काळ्याचं राखाडी होतं. खरारा आदल्या संध्याकाळी झालेला. नाकपुड्या आणि डोळ्यांचे कोपरे ओल्या फडक्यानं पुसले. तोंडाला तेलाचं बोट मात्र अगदी शेवटी, नाहीतर तबेल्यातली धूळ त्यावरच बसते.

आणि कान जुळेनात. डबा खडखडवला, प्लॅस्टिकची पिशवी चुरगळली. उजवा कान पुढे यायचा, डावा बाजूलाच. माझा मदतनीस रिफ्लेक्टर घेऊन डावीकडून गेला तशी ती दचकून मागे सरली, तोंडावरची मोरकी ताणली गेली. तेव्हा साईस, घोडीची निगा राखणारा, हळूच म्हणाला, ‘ताई, त्या डोळ्यात फूल पडलंय.’

हे आधी सांगायला हवं होतं. मालक जनावराची खोड सांगतात, व्यंग लपवतात, आणि त्यात माणसाला लाथ बसते. पण कान मलाही वाचता यायला हवा होता. ज्या बाजूचं दिसत नाही, त्या बाजूला घोडा कान लावून ठेवतो. साईसाला मी तिच्या डाव्या खांद्यावर हात ठेवून चौकटीबाहेर उभं केलं. ओळखीचा हात लागला, त्या बाजूची काळजी मिटली. डबा उजवीकडून एकदाच वाजवला. टोकं जुळली, दोन सेकंद.

दोन्ही अंगांनी फ्रेम मिळाल्या. डावीकडची सरस होती: मानेचा बाक, गालाच्या हाडावरचा उजेड, आणि निळसर पांढरा डोळा. काका म्हणाले, ‘हीच द्या. डोळा तेवढा नीट करा.’

करता येतं का? उजवा डोळा उलटा करून चिकटवला तर त्यातला आभाळाचा ठिपकाही उलटतो आणि गालावरचा उजेड त्याच्याशी भांडतो. ठिपका पुसून नव्यानं रंगवता येतो. घोड्याची बाहुली आडवी लांबट, तिच्या वरच्या कडेला काळसर गाठी असतात. त्याही जुळवता येतात. म्हणजे तासाभराचं काम. मी नाही म्हटलं. काकांनी उजवीकडची फ्रेम घेतली आणि ती मी कॉटनच्या मॅट कागदावर छापली. त्या कागदावर गडद छटा एकमेकींत बुडतात, म्हणून आधी चार इंची पट्टी छापून मानेखालची सावली थोडी उचलावी लागली.

पण त्याच फ्रेममधून मी मोरकी काढली होती. मोरकी माणसानं घातलेली, ती काढली तर घोडी जशी आहे तशीच राहते, असं मी स्वतःला सांगते. मात्र तिच्याखाली नाकाच्या हाडावर वर्षानुवर्षं घासून पांढरे झालेले केस होते. तेही मी पुसले, कुणी न सांगता, दहा मिनिटांत. ते डोळ्याइतकेच तिचे होते.

डावीकडची फाईल परवा पुन्हा उघडली. तिच्यात ते केस ठेवलेत. मोरकी काढताना केसागणिक ब्रश फिरवावा लागला, अडीच तास गेले. छापायची की नाही, ते ठरलेलं नाही.