बर्मिंगहॅममधलं दुपारचं ताट

अमेरिकेतल्या अलाबामात येऊन तीन महिने झाले. हायवेच्या कडेची तीच ती चेन रेस्टॉरंट्स खाऊन जीव विटला होता. शेवटी आज ऑफिसातल्या एका स्थानिक काकूंना विचारलं, "तुम्ही स्वतः दुपारी कुठे जेवता?" त्यांनी थेट फिनली अव्हेन्यूवर नेलं, शेतकरी बाजाराला लागून असलेल्या 'निकीज वेस्ट'मध्ये.

तिथे ट्रे घेऊन रांगेत उभं राहायचं. 'मीट अँड थ्री' म्हणजे एक मांसाचा पदार्थ आणि तीन भाज्या. मी नुसत्या भाज्याच घेतल्या, त्याला 'व्हेजिटेबल प्लेट' म्हणतात. मक्याच्या पिठात घोळवून तळलेली भेंडी, चवळी, आणि बटर बीन्स म्हणजे चक्क आपली डबल बी! सोबत कॉर्नब्रेड. पहिल्या घासालाच डोळे भरून आले. भेंडी आणि चवळी इथे आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांबरोबर आली. अमेरिकेच्या दक्षिणेचं निम्मं स्वयंपाकघर त्यांच्याच हातचं आहे, हे खाताना सारखं मनात येत होतं.

शाकाहारी मंडळींनो, पालेभाजी घेण्याआधी जरूर विचारा, ती बहुधा डुकराच्या मांसाबरोबर शिजवतात.

काकू म्हणाल्या, पुढच्या वेळी जवळच्या बेसेमर शहरात 'ब्राइट स्टार'मध्ये जाऊ. ग्रीक स्थलांतरितांचं ते हॉटेल 1907पासून चालू आहे. शनिवार मोकळा ठेवलाय. बर्मिंगहॅमजवळ कुणी मराठी असेल तर सोबत चला!