दस्तुर खुद्द

आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या एक गोष्ट सांगितली जाते. माझ्या खापरपणजोबांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतल्याची बातमी कोकणातल्या घरी पोहोचली, तेव्हा त्यांच्या वडिलांनी जिवंत मुलाचे घटश्राद्ध घातले, पाण्याने भरलेला घट उपडा केला आणि स्नान करून घरात शिरले. खापरपणजोबा पुढे दीक्षित पाळक झाले, अनेक वर्षे मंडळी, म्हणजे चर्चचा समुदाय, सांभाळली, पण घरच्यांपैकी कोणी पुन्हा त्यांचे तोंड पाहिले नाही. आत्या ही गोष्ट नेहमी याच वाक्यावर संपवते. त्यामुळे आमची वंशावळ त्यांच्यापासूनच सुरू होते, जणू त्यांना आईबाप नव्हतेच. हे मला लहानपणापासून सलत आले आहे, आणि म्हणूनच या जुलैत तीन दिवस काढून मी पुण्याहून मुंबईला गेले.

पहिला दिवस एका कार्यालयात गेला. कोणत्या मंडळीचे दप्तर हवे आहे ते आधी सांगा, मगच अर्ज घेऊ, असे तिथे सांगण्यात आले, आणि नेमके तेच शोधण्यासाठी मी आले आहे हे ऐकून घेण्याची कोणाची तयारी नव्हती. तरी अडचण खरी आहे. मुंबईत अमेरिकन मिशनरी १८१३ साली आले, स्कॉटिश मिशनचे डॉ. जॉन विल्सन १८२९ साली. १८४३ साली स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली तेव्हा विल्सन वेगळ्या झालेल्या फ्री चर्चमध्ये गेले आणि इथले कामही विभागले गेले. पुढे १९७० साली यांतल्या बहुतेक मंडळ्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये एकत्र आल्या. प्रत्येक बदलात कपाटे हलली, किल्ल्या बदलल्या, काही वह्या पावसाने आणि वाळवीने नेल्या. एका माणसाचा बाप्तिस्मा एका मिशनच्या वहीत, लग्न दुसऱ्या मंडळीत आणि दफन तिसऱ्याच ठिकाणी, असे सर्रास आढळते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गिरगाव चौपाटीसमोरच्या विल्सन कॉलेजपाशी बराच वेळ उभी होते. आजची ती देखणी दगडी इमारत १८८९ची, पण शिक्षणसंस्थेची सुरुवात १८३२ सालची, आणि खापरपणजोबा याच संस्थेच्या जुन्या शाळेत शिकले एवढे आमच्याकडे नक्की ठाऊक आहे. त्या काळी मुलाला अशा शाळेत घालताना घरच्यांच्या मनात काय भीती असेल, ते शेषाद्री बंधूंच्या हकिकतीवरून कळते. नारायण शेषाद्रींनी १८४३ साली स्कॉटिश मिशनमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनच्या घरी राहू लागला. वडील न्यायालयात गेले, न्यायालयाने मुलाला त्यांच्या ताब्यात दिले. पण तो ख्रिस्ती लोकांबरोबर राहिला, जेवला, म्हणून त्याला जातीत परत घ्यायचे की नाही यावर मुंबईत रणे माजली. बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावे अशी बाजू घेतली आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. एका पोराच्या जेवणावरून सारे शहर हमरीतुमरीवर येत होते, हे लक्षात घेतले की खापरपणजोबांच्या वडिलांचा मला राग येत नाही. वाईट वाटते, पण राग येत नाही.

दुपारी हार्बरने शिवडीला गेले. ख्रिस्ती दफनभूमीत गुडघाभर गवत, वरून पाऊस, आणि अर्ध्याअधिक शिळांवरची अक्षरे हाताने चाचपून वाचावी लागत होती. आमचे कोणी सापडले नाही. परतीच्या गाडीत दारापर्यंत गर्दी होती, आणि भिजलेली वही पोटाशी धरून उभी असताना हा शोध इथेच थांबवावा असे मला मनापासून वाटले.

तिसऱ्या दिवशी भायखळ्याच्या बाजूच्या एका जुन्या मंडळीत गेले. तिथल्या सेक्रेटरी बाईंना मी फक्त फोनवरून भेटले होते. त्यांनी माझ्यासाठी रविवारची उपासना आटोपल्यावर घरी न जाता कपाट उघडून ठेवले होते. ‘ताई, आधी हात कोरडे करा,’ म्हणत त्यांनी टॉवेल दिला. चहा आणि खारी बाहेरच्या खोलीत; रजिस्टरापाशी कपही न्यायचा नाही, फोटो काढायचा नाही, हवे ते पेन्सिलीने उतरवून घ्यायचे. हे नियम मला फार आवडले. ज्यांनी ते कसोशीने पाळले त्यांच्यामुळेच ही पाने उरली आहेत.

बाप्तिस्म्याची वही नव्हतीच. विवाहाची होती, १८७२चा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा आला त्यानंतरच्या वर्षांची. कातडी बांधणी सुटलेली, पाने कडांना तांबूस, आणि काही ठिकाणी शाईनेच कागद खाल्ल्यामुळे अक्षरांच्या जागी बारीक भोके पडलेली. तासाभराने खापरपणजोबांच्या थोरल्या मुलीचे लग्न सापडले. वधूच्या वडिलांच्या नावापुढे इंग्रजीत ‘नेटिव्ह मिनिस्टर’ लिहिले होते. कायद्याप्रमाणे पाळकाखेरीज दोन साक्षीदार लागतात. पहिली सही एका मिशनऱ्याची, वळणदार इंग्रजी. दुसरी मोडीत होती.

मोडी मी दोन वर्षांपूर्वी वर्गात बसून शिकले, पण माझे वाचन अजून मंद आहे. आधी फक्त शेवट ओळखू आला, ‘द॥ खुद्द’. दस्तुर खुद्द, म्हणजे स्वतःच्या हाताने. मग आडनाव वाचले, ते आमचे. मग मधले नाव, आणि तेही खापरपणजोबांच्याच वडिलांचे. पहिले नाव मी चार वेळा लावले, दर वेळी वेगळे अक्षर घेऊन, आणि चारही वेळा तेच आले. आत्याच्या गोष्टीत घट उपडा करताना वडिलांशेजारी उभा असलेला जो धाकटा भाऊ आहे, त्याचे ते नाव होते.

मी ती सही अगदी जवळून पाहिली. बोरूने लिहिणाऱ्या माणसाच्या हाती धातूचे टाक दिले होते हे उघड दिसत होते. बोरूसारखा दाब दिल्याने निबाची दोन टोके फाकली होती, त्यामुळे उतरत्या रेघा दुहेरी उमटल्या होत्या, आणि ‘खुद्द’पाशी निब कागदात अडकून शाईचा एक डाग पडला होता. तरीही मोडीच्या रीतीप्रमाणे हात कुठे उचललेला नव्हता. धर्म सोडला म्हणून वारसाहक्क जात नाही असा कायदा १८५०मध्येच झाला होता, तेव्हा हिश्शाच्या भीतीने दूर राहायला या भावाकडे कारण होते. आणि लोक काय म्हणतील ही भीती होतीच. तरी तो कोकणातून, त्या काळच्या प्रवासाने, पुतणीच्या लग्नाला आला आणि स्वतःचे पूर्ण नाव घालून गेला, कोणालाही वाचता येईल असे.

सेक्रेटरी बाईंनी विचारले, ‘सापडलं का काही?’ मला नीट बोलता येईना. ‘त्यांचे भाऊ आले होते,’ एवढेच म्हणाले. त्यांनी काही न विचारता वही माझ्यापुढे उघडीच राहू दिली आणि बाहेर जाऊन बसल्या.

रस्त्यावर आल्यावर आडोशाला उभी राहून मी आत्याला फोन केला. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि तिला ऐकू कमी येते, त्यामुळे बसच्या आवाजात मला सगळे दोनदा, मोठ्याने सांगावे लागले: लग्न, साक्ष, मोडी, नाव. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘आला होता म्हणतेस. पण जेवून गेला का गं तो?’