लॉर्ड्‌सचं पॅव्हेलियन

आज लंडनात लॉर्ड्‌सची टूर केली. लोक बाल्कनीचे फोटो काढत होते, कपिलने ८३चा वर्ल्ड कप उचलला ती. मी मात्र भिंतीच बघत राहिले. ही इमारत १८८९-९० मधली, व्हिक्टोरिया राणीच्या काळातली. वास्तुविशारद थॉमस व्हेरिटी मुळात नाट्यगृहं बांधणारा, आणि ते दिसतंच! दोन टोकांना दोन मनोरे, मध्ये पायऱ्यापायऱ्यांची बैठक. फक्त इथे प्रेक्षकच सजवलेल्या रंगमंचावर बसतात. विटांवर गुलाबी-तांबूस टेराकोटाची नक्षी. जवळून पाहिलं तर कोपऱ्याकोपऱ्यात वेडीवाकडी तोंडं करणारे चेहरे.

आत ती प्रसिद्ध लाँग रूम. उंच खिडक्या, भिंतीवर जुनी तैलचित्रं. बॅट्समनला मैदानात जायचं तर इथे जमलेल्या एमसीसी क्लबच्या (मैदान त्यांचंच) सभासदांच्या गर्दीतूनच जावं लागतं. शून्यावर बाद होऊन परत येताना काय होत असेल बिचाऱ्याचं! (बायकांना सभासदत्व द्यायचं ठरायला मात्र १९९८ उजाडलं. असो.)

पाहुण्या संघाच्या ड्रेसिंग रूममधल्या शतकवीरांच्या फलकावर वेंगसरकर तीनदा: १९७९, ८२, ८६. खाली २००२मध्ये आपला आगरकर, नाबाद १०९, तेही आठव्या नंबरवर! बाबांना लगेच व्हिडिओ कॉल लावला.